संडासाला दार नव्हतं

काल लेकीने काचेच्या टीपॉयखाली मोबाइलचा टॉर्च लावला आणि वर मैत्रिणीने काढलेली आकृती ठेवून ती उतरवायला बसली. काचेतून येणारा तो उजेड पाहून माझं डोकंच फिरलं.

सोलापूरला आर्किटेक्चरच्या डिप्लोमाला असताना आम्ही हेच करायचो. हॉस्टेलच्या खोलीत दोन स्टुलांवर काच, खाली शंभरचा बल्ब, वर एकाची शीट आणि तिच्यावर दुसऱ्याचा कोरा कागद. एप्रिलच्या उकाड्यात त्या काचेवर कोपर टेकवत नसे. घराच्या नकाशाची मूळ शीट माझी होती. मी आठवडाभर खपून काढलेली ती शीट वर्गातल्या चाळीस जणांनी दोन दिवसांत उतरवली.

सबमिशनला सरांनी सगळ्या शीटा टेबलावर पसरल्या. “एकाही घरात संडासाला दार नाही. माणसाने आत जायचं कुठून? मूळ शीट कुणाची? त्याची टर्म गेली.”

सगळे गप्प. शेवटी सगळ्यांनाच नकाशा परत काढायला लावला.

बाहेर येताच मी वर्गातल्या बार्शीच्या दत्तावर खेकसलो, “अरे, उतरवताना जरा बघायचं की.”

“तू काढलंय म्हणल्यावर बरोबरच असंल की,” तो म्हणाला.

त्यांच्या आंधळेपणाची ही गोष्ट मी इतकी वर्षं चिडून सांगत आलोय. कालही लेकीला तशीच सांगितली.

तिने विचारलं, “मग बाबा, सरांना तुझं नाव कुणी सांगितलं?”

कुणीच नाही. चाळीस जणांना ते ठाऊक होतं. आणि मीही मान खाली घालूनच उभा होतो.