लालमहंमद मिस्त्रीची मिशी

भोसरीच्या शिवेवर, नाशिक रस्त्याला लागून लालमहंमद मिस्त्रीचं पत्र्याचं गॅरेज होतं. तिथं एकच कायदा चाले: गाडीवाल्यानं तोंड उघडायचं नाही. कुणी "मिस्त्री, काय होतंय की," असं सुरू केलं, की लालमहंमद हात वर करी. "तू गप. गाडी बोलंल." माणसं थापा मारतात, लोखंड मारत नाही, असं त्याचं ठाम मत होतं. स्वतःच्या थापांबद्दल तो बोलत नसे.

त्रेपन्न-चोपन्न साल असेल. चाकणचा सयाजीराव त्याचा ट्रक घेऊन आला. महायुद्धातून उरलेलं, लष्कराच्या लिलावात घेतलेलं ते धूड. चारही चाकांना ताकद मिळायची आणि त्यातून चाकणचा कांदा पुण्याला जायचा. अलीकडे पोटातून जात्यासारखी घरघर येत होती.

"मी काय करतो, ती पुढची दांडी," सयाजीराव सांगू लागला. मिस्त्रीचा हात वर झाला.

मग मिस्त्रीचा थाट पाहावा. त्यानं गिअर न्यूट्रलला ठेवून इंजिन चालू केलं, लांब पेचकसाचं टोक मुख्य गिअरबॉक्सला आणि मूठ कानाला लावली. तिथं सगळं गपगार. मग गाडी ठोकळ्यांवर उचलून, चाकं अधांतरी ठेवून, ती गिअरमध्ये टाकली आणि पेचकस मागं सरकवला. मागच्या छोट्या डब्यातून, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या ट्रान्सफर केसमधून, खडे चावल्यासारखा आवाज आला.

"हा डबा मेलाय," मिस्त्री म्हणाला, आणि चहाच्या टपरीवरची सगळी रिकामटेकडी मंडळी ऐकत आहेत हे बघून पुढं म्हणाला, "दुसरा बसवतो. परत आवाज आला तर मिशी उतरवीन."

मिशीही तशी होती. नमाजाला जाताना तो तिला तेल लावी आणि वाकताना जपे.

दिघीच्या भंगारवाल्याकडून तसाच डबा आणला. मिस्त्रीनं गाडीखाली उताणं पडून, दोर आणि फळी लावून, शिव्यांच्या तालावर जुना उतरवला, नवा चढवला. ट्रक मांजराच्या पावलांनी निघून गेला.

पावसाळा सरायच्या आत सयाजीराव परत आला. घरघर रस्त्यावरूनच ऐकू येत होती.

मिस्त्री पहिल्यांदाच ट्रकमध्ये शेजारी बसला. सयाजीरावानं चढताच पुढच्या चाकांना ताकद जोडणारी दांडी ओढली आणि गाडी कोरड्या डांबरावर काढली.

"ही कायम ओढूनच चालवतोस?"

"व्हय. दावणीला चार बैल असताना दोनच कोन जुंपंल?"

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला. वळणावर पुढची चाकं जास्त वाट तुडवतात, मागची कमी. चिखलात चाकं घसरून तो फरक मिटवतात. डांबरावर घसरायला जागा नाही, मग सगळा ताण डब्यातल्या दात्यांवर येतो. असे दहा डबे बदलले तरी दहाही मेले असते.

"आरं, सांगायचं न्हाई व्हय?"

"त्या दिशी तेच सांगत हुतो. तुमी हात वर केला."

टपरीवरच्या मंडळींनी पंचायत भरवली. चूक सयाजीरावाची, मिशी राहू द्या, असा निकाल दिला. लालमहंमदला तो फार आवडला. चहा संपेपर्यंत त्यानं मिशीवरून बोट फिरवलं. पण सयाजीराव तिथंच, खाली मान घालून बसला होता, आणि ते काही मिस्त्रीला बघवेना. तो उठून न्हाव्याकडे गेला.

घरी बायकोनं, मदिनानं, दार उघडलं आणि हसून हसून ती उंबऱ्यातच बसली. मिस्त्रीनं सगळी हकिकत सांगितली. ती हसायची थांबली.

"बाहीरच्यांचं सोडा," ती म्हणाली. "घरात तरी तुमी कवा कुनाला बोलू दिलंय?"

त्याचा हात सवयीनं अर्धा उठला. मग तो खाली आला. लालमहंमदला मनापासून लाज वाटली.

"बोल," तो म्हणाला.

मदिना बोलायला लागली. भाकरी तव्यावर करपली, तरी त्यानं मधे तोंड घातलं नाही.