पांढऱ्या पट्ट्याचे डबे

२९ जानेवारी १९५६, रविवार, सकाळी सात वाजता मी परळच्या आमच्या चाळीच्या गच्चीवर गेलो. त्याआधीचे दिवस संचारबंदीमुळे गिरगावात एका सहकाऱ्याच्या खोलीत अडकून काढले होते. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून माणसे रस्त्यावर गोळ्या खात होती. मला काळजी होती माठाच्या भाजीची. हे सांगितले की लोक आजही तोंड वाकडे करतात. करोत.

मी एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्राचा डेमॉन्स्ट्रेटर होतो. मार्चअखेर प्रबंध दिला तर नोकरी कायम, नाही तर उन्हाळ्याच्या सुट्टीबरोबर ती संपणार होती. विषय होता मिठाने पालेभाजीवर होणारा परिणाम. रॉकेलचे डबे आडवे कापून त्यांत माठ पेरला होता. निळ्या पट्ट्याच्या डब्यांना थोडे मिठाचे पाणी, लाल पट्ट्याच्या डब्यांना अधिक. हे खारे पाणी आधीच कालवून बाटल्यांत भरून ठेवलेले असे. पांढऱ्या पट्ट्याच्या डब्यांना मात्र नळाचे साधे पाणी. बाकीचे डबे याच डब्यांशी ताडून पाहायचे होते. हे बिघडले की सारे व्यर्थ.

तेच बिघडले होते. पाने लहान, जाड, गर्द हिरवी, कडा करपलेल्या. मातीवर पांढरट साय धरली होती. एका डब्यापाशी चाळीतले मांजर माती हुंगत बसले होते. त्याला हाकलले, तेव्हा मातीत माशाचे खवले चमकताना दिसले.

मी नसताना झाडांना पाणी घालण्याचे काम शेजारच्या मालवणी मावशींकडे असे. मी खाली गेलो. त्या दारात तांदूळ निवडत होत्या.

"मावशी, पांढऱ्या डब्यांना पाणी कसले घातलेत?"

"इलंस? बरा झाला. जिवंत आसत मां तुझी गच्चयेवरची पोरां?"

"पाणी कसले घातलेत?"

"खाऱ्या बांगड्याचा धुवण. बाजार बंद, ताजी मासळी खंयची? आणि नळ खाली आंगणात. भायर पोलीस शिट्टये मारीत होते. तुझ्या भाजयेसाठी मिया गोळी खावची होती?"

"त्या पाण्यात मीठ होते."

"मगे? गावाक आमी माडाक मीठ घालतंव. माड काय मरतत?"

माड समुद्राकाठी वाढतो, त्याला खारे सोसते, माठाला सोसत नाही, असे मी सांगितले. त्यांनी सुपातला खडा वेचून बाहेर फेकला.

"त्या निळ्या डब्यांक मीठ कोण घालता? तूच मां? तू घातलंस तां शास्त्र, आणि मिया घातलंय तां पाप?"

संतापायचे तरी कोणावर? धुवण नसते तर झाडे वाळून गेली असती, हे खरे होते. पण वाळलेले झाड निदान उघड वाळते. ही झाडे जगली होती आणि आता खोटी साक्ष देणार होती.

तरीही खात्री करून घेतली. खारवलेल्या मातीतून मुळांना पाणी ओढणे जड जाते. पानांचे काम अडखळते आणि पानातच विषारी द्रव्ये साचू लागतात. हायड्रोजन पेरॉक्साइड हे त्यांतले एक. ते फोडणारे द्रव्य पान स्वतः तयार करते; धोका वाढला की अधिक करते, आणि मीठ फारच झाले की तेही त्याला झेपत नाही. आज या संरक्षणाला मोठी नावे आहेत. माझ्याजवळ परीक्षानळ्या आणि औषधाच्या दुकानातली पेरॉक्साइडची बाटली होती. पाने वाटून रस त्यात टाकायचा आणि फेस किती चढतो ते पाहायचे. पांढऱ्या डब्यांतल्या पानांचा फेस निळ्या डब्यांपेक्षा कमी चढायला हवा होता. तो त्यांच्याही वर गेला. लाल डब्यांतला थोडा चढून विरला; तिथे मीठ फारच झाले होते.

पाने बिचारी नेमाने लढत होती. मला त्यांचा उपयोग नव्हता. धुवणात मीठ किती, हे कोणालाच ठाऊक नव्हते.

दुपारी मी सर्वच डब्यांतली झाडे उपटली. साऱ्यांची पेरणी एका दिवशीची हवी, म्हणून निळे-लालही ठेवता येईनात. जुड्या मावशींपुढे ठेवल्या. त्यांनी एक पान मोडून चाखले.

"आज भाजयेक मीठ कमी घालूक होया," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. मी हसलो नाही.

निळ्या-लाल डब्यांतली माती टाकून दिली. पांढऱ्या डब्यांच्या तळाची भोके खिळ्याने मोठी केली. अंगणातल्या नळाचे पाणी बादलीने वर नेऊन त्यांत ओतत राहिलो. खालून गळणारे पाणी जिभेला लावून पाहत राहिलो. ते अळणी लागेपर्यंत खांदे भरून आले. तेवढ्यावर विश्वास बसेना. तीही माती फेकली. संध्याकाळी सगळ्या डब्यांत नवी माती भरून माठ पुन्हा पेरला. मार्चपर्यंत पुरेशी पाने येतील का, आणि तोवर पुन्हा रस्ते बंद झाले तर काय, हे सांगणे कठीण होते. पहिल्या प्रश्नावर मला इलाज नव्हता.

शेवटी मोठा हंडा गच्चीवर नेला, नळाच्या पाण्याने भरला, पांढऱ्या पट्ट्याच्या डब्यांशेजारी ठेवला आणि त्यावर फळी टाकून दगड ठेवला.