गोदाआत्या आणि गुलाबी पिलावळ

मानपाड्याच्या गोदाआत्याला जगातल्या बहुतेक दुखण्यांवर दोनच उपाय माहीत आहेत: ऊन आणि मीठ. बाप मिठागरात राबला, त्याचा हा वारसा. कैऱ्या, सुकट, गळू, नवऱ्याचा दुखरा दात, सगळ्याला मीठ. नवरा पुन्हा दाताबद्दल बोलला नाही. बरा झाला, असं आत्या म्हणते.

घरामागचं तळं तिच्या वाट्याला आलेलं. त्यात कमळं. दर वर्षी गौरीला घरचं कमळ वाहायचं आणि गल्लीभर मिरवायचं. हर्षितला, तिच्या भाच्याला, तिथे भराव टाकून क्रिकेटचा टर्फ हवा होता. फिशटँकचा कंटाळा आला तेव्हा त्यानेच दोन पिवळ्या गोगलगाई तळ्यात सोडल्या. वर्षभरात त्यांची फौज झाली. ती कमळाच्या कळ्या खायची आणि काठाच्या भिंतीवर, पाण्यापासून वीतभर उंच, गुलाबी अंड्यांचे घोस चिकटवायची.

आत्याला वाटलं, गाबोळी, माशाची अंडी.

"गाबोळी भिंतीवर चढते का, आत्या?"

"तुजा बाप आंब्यावर चढायचा. तो काय माकड होता?"

तिने तव्यावर परतली. एक घास थुंकला, उरलेलं कोंबड्यांना घातलं. कोंबड्यांनीही मान फिरवली.

हर्षितने संधी साधली. "या गौरीला कमळ नाय आलं तर भरावाला सही देशील?"

"देईन. आन आलं, तर टर्फचं नाव काढलंस की तुजी जीभ गच्चीवर सुकवीन."

मे महिन्यात आत्याने सगळे घोस कालथ्याने खरवडले, मीठ चोळून सुकटीशेजारी पसरले आणि मेले समजून कमळांना खत म्हणून काठावर टाकले. त्या कडक कवचांच्या आत मात्र ऊन पोचलं नव्हतं, मीठही नाही. चार सरी पडल्या आणि काठावरून मोहरीएवढी पिल्लं तळ्याकडे निघाली.

"मेल्यांनो, माज्याच मिठाला जागा ना!" आत्या ओरडली.

आषाढात हर्षितने तळ्याचं जादा पाणी जायच्या नालीत वाळूच्या गोण्या कोंबल्या. गल्लीत पाणी शिरेल, लोक बोंबलतील, आत्या नमेल, असा हिशोब. लोक बोंबलले, पण हर्षितच्याच नावाने; गोण्या टाकताना त्याला सगळ्यांनी पाहिलं होतं. तरी गोण्या काढायला आठवडा गेला. तोवर भिंतीवरचे नवे घोस पाण्याखाली होते.

पाणी उतरलं तेव्हा ते फिके, लिबलिबीत झालेले. एकही फुटला नाही. या गोगलगाईची पिल्लं पाण्यात वाढतात, पण अंड्यांना हवा लागते. उन्हातान्हात टिकतात आणि बुडवली की गुदमरतात. मोठ्या गोगलगाई आत्याने हातांनी वेचल्या. कळ्या वर आल्या.

गौरीच्या सकाळी हर्षित मांडीभर चिखलात उभा राहून कमळ तोडत होता.

"देठ लांब ठेव रं," आत्या काठावरून म्हणाली, "आन पुढच्या पावसात गोण्या येळेवर लाव."