धुळ्याची फ्लॉपी आणि कागदावरचा जिना

मंडळी, आज सकाळी ऑफिसात एक फाईल आली आणि आमच्या सॉफ्टवेअरने त्यातल्या अर्ध्या ऑर्डरी मिळून एकच ओळ आहे असं धरलं. ओळ संपल्याची खूण प्रत्येक सिस्टीम आपापली ठेवते. या फाईलमध्ये तर दोन वेगळ्या खुणा मिसळलेल्या.

मला हसू आलं. नव्वदच्या दशकात जळगावला केळीच्या वाहतुकीच्या ऑफिसात हेच व्हायचं. धुळ्याच्या ऑफिसातून पावत्यांची फ्लॉपी एसटीच्या कंडक्टरकडून यायची. छापायला घेतली की काही ओळी जिन्यासारख्या उजवीकडे सरकत कागदाबाहेर जायच्या. बाहेर भरलेले ट्रक पावत्यांसाठी उभे, आत केळी पिकायच्या बेतात. शेवटी मी खुणा सारख्या करणारा छोटा प्रोग्राम लिहिला.

तरी धुळ्याचे ऑपरेटर नाना रोज फोन करून अहिराणीत विचारायचेच. "बठ्ठं सरळ उनं का भाऊ?"

"सगळं सरळ आलं नाना," असं मी सांगितल्याशिवाय ते डबा उघडत नसत.

आजची फाईल चहा संपेपर्यंत दुरुस्त झाली. मग जुन्या सवयीने पाठवणाऱ्याला मेल केला, "सरळ आलं."

लगेच आपोआप उत्तर आलं: "या पत्त्यावरचे मेल कोणी वाचत नाही."

तुमचं काम नीट पोचलं का, असं तुम्हाला शेवटचं कोणी विचारलं होतं?