टपोऱ्या खपलीत काईच न्हाई

निजामाचं राज्य व्हतं तवाची गोष्ट हाय, लई जुनी हाय, पण आठवलं की अजूनबी माझं तोंड उघडंच राहतं.

माझी थोरली बहीण, आक्का, पहिल्या बाळंतपणाला घरी आल्ती. पोरगी चांगली झाली, पण आक्का पार वाळून गेल्ती. दूध पुरत नव्हतं. पोरगी रडायची आन आक्का भिंतीकडं तोंड करून पडायची. आमच्याकडं बाळंतिणीला खपली गव्हाची लापशी देतात, साध्या गव्हाची न्हाई. खपलीनंच अंगात ताकद येते म्हणतात.

आन खपली तर घरचीच व्हती. आबांनी लेकीसाठी मुद्दाम विहिरीजवळच्या वावरात पेरली व्हती. दर साली पेरणीआधी तिथं धनगराच्या मेंढ्या बसायच्या, त्यांच्या लेंड्यांचं खत व्हायचं. त्या साली आबांनी धनगराला वाटेतूनच परत लावलं. "माझ्या लेकीच्या तोंडात जायचा गहू हाय, तिथं लेंड्या नको," म्हणले. मंग खताच्या बदली पाणी. दाणा भरत आला तरी मोट चालूच. बैल दमले, आबा दमले न्हाईत.

पीक असं आलं की मंठ्याच्या बाजाराला जाणारे लोक बांधावर थांबून बघायचे. उखळात कांडून टरफल काढलं तर दाणा टपोरा, पांढरट, गोरापान. शेजारीच काका राहायचा, आबांचा धाकटा भाऊ. त्यानं मेंढ्या बसवल्या व्हत्या आन पाणी बेताचंच दिलं व्हतं, त्याचा दाणा बारका, तांबूस.

"तुझा गहू उपाशी हाय का रे?" आबा त्याला म्हणले.

"आन तुमचा पंगतीतून उठून आलाय, दादा. दिसून राह्यलं."

माय रोज लापशी रांधायची, तूप-गूळ घालून. आक्का वाटीभर खायची आन जरा वेळानं म्हणायची, "माय, भूक लागली." माय खूश. भूक लागते म्हंजे अंगी लागून राह्यलं. मीबी खूश. पण पोरगी रडायची काई थांबेना.

एक दिवस दुपारी मी सुपात खपली निवडत बसल्ते आन मूठभर तोंडात टाकली. आम्ही लहानपणापासून हेच करतो, गहू चावत राहायचा, पिठूळ पाणी गिळायचं, शेवटी रबरासारखा चिवट गोळा उरतो, तो चघळत बसायचं. गव्हाची खरी ताकद त्या गोळ्यातच, असं जुनी माणसं म्हणायची. मी चावलं, गिळलं, जीभ फिरवली, तर तोंडात काईच न्हाई. दुसरी मूठ घेतली. जरासा कोंडा, बस. मला वाटलं माझ्याच तोंडाला काई तरी झालं. पळत काकाच्या घरी गेले, काकूला न विचारता कणगीतून मूठ घेतली आन चावली. गोळा. असा की दातात धरून ओढला तर लांबतोय.

आबा अंगणात मोटेचा नाडा सांधत बसल्ते.

"आबा, आपल्या गव्हात काईच न्हाई."

"काय बोलून राह्यली?"

"चावून बघा."

"मी काय बैल हाय का रवंथ करायला?" म्हणले, पण चावले. मंग थांबले. थुंकले, परत चावले. मी काकाची खपली हातावर दिली. ती लई वेळ चावली त्यांनी, गोळा बाहेर काढला, दोन बोटांत ताणून बघितला. बैल विहिरीत पडला व्हता तवाबी आबांचं तोंड असं झालं नव्हतं.

"म्हंजे मी लेकीला नुसतं पाणी चारलं," ते हळू म्हणले.

माय उंबऱ्यात उभी व्हती. "आवो, गहू तो गहूच की." आत पोरगी रडत व्हती.

काकानं सगळं ऐकलं व्हतं. मला वाटलं आता टोमणा मारणार. त्यानं आपल्या खपलीचं पोतं पाठीवर घालून आणलं आन आमच्या दारात टेकवलं. "दादा, तुमचं मला द्या. कुरडयाला झकास हाय, चीक लई निघंल." आबा हसले न्हाईत.

त्या पोत्याची लापशी आक्कानं खाल्ली त्या दिवशी आबा दारातच बसून राह्यले. जरा वेळ गेला की इचारायचे, "भूक लागली का बाई?"

"न्हाई आबा, आत्ताच तर खाल्लं."

परत इचारायचे. आक्का शेवटी वैतागली, "आता लागली तरी सांगणार न्हाई." बाळंतपणात पहिल्यांदाच हसली ती. दूध एकदम न्हाई आलं, हळूहळू वाढलं. पण आक्का सासरी निघाली तवा पोरीच्या मनगटाला वळ्या पडल्त्या.

पुढच्या पेरणीआधी आबा स्वतः धनगराला शोधत गेले, वावरात मेंढ्या बसव म्हणायला, मी संगं व्हते. धनगर म्हणला, "पाटील, गेल्या साली तर लेंड्या नको म्हणलात."

आबांनी खिशातून खपली काढली, आपलीच, ती टपोरी. त्याच्या हातावर ठेवली आन म्हणले, "चाव."

धनगर चावत राह्यला, चावत राह्यला, तोंडात गोळा काई होईना, आन मंग आबांच्या तोंडाकडं बघत राह्यला.