अभिप्राय वहीतलं वासरू

झूराकानचा कुणावरच विश्वास नव्हता, आणि गावाची त्याबद्दल काही तक्रारही नव्हती. तिकीट तपासणाऱ्या बाईनं माणसांवर विश्वास ठेवायला सुरुवात केली तर सिनेमा फुकटच दाखवावा लागेल, हे कोश-बुलाकमध्ये लहानथोर सगळ्यांना मान्य होतं. संस्कृती-भवनाच्या दारात ती एकतीस वर्षं बॅटरी घेऊन उभी होती. अंधारात कुणी सूर्यफुलाच्या बिया फोडतंय की कुरुत चघळतंय, हे तिला पाठमोरी असतानाही कळे. बियांना बंदी होती, कारण टरफलं तिलाच झाडावी लागत. कुरुतला मुभा होती. दह्याच्या त्या वाळक्या गोळीचं मागे काही उरत नाही. फार तर एखाद्याचा दात.

दाराशेजारच्या टेबलावर अभिप्राय वही असायची. वही साखळीनं टेबलाला बांधलेली, पेन सुतळीनं वहीला बांधलेलं, आणि टेबलाचा एक पाय तारेनं भिंतीतल्या खिळ्याला. वहीत तीन रकाने होते: तारीख, अभिप्राय, केलेली कार्यवाही. तिसरा रकाना खरं तर व्यवस्थापकांनी भरायचा, पण त्यांनी फार पूर्वीच "तूच लिही गं काहीतरी" म्हणून अंग काढून घेतलं होतं. तेव्हापासून "हॉल फार थंड आहे" याच्यासमोर "टोपी घालून यावे" आणि "पुढच्या माणसाची टोपी मध्ये येते" याच्यासमोर "सदर इसमास थंडी वाजत होती" अशा कार्यवाह्या झूराकानच्या गोल अक्षरात होत आल्या होत्या.

मार्चच्या सुट्टीत, नववर्षाच्या नूरूझ सणाच्या आठवड्यात, भवनात एक कार्टून लागलं. बोपोश नावाचं याकाचं वासरू हिमवादळात कळपापासून चुकतं. एक म्हातारी मेंढी त्याला पोटाशी घेते. वासरू मेंढ्यांत वाढतं आणि स्वतःला मेंढीच समजतं. शेवटी याकांचा कळप परत येतो, त्याची खरी आई डोंगराच्या धारेवर उभी राहते, खाली बघते, आणि वासरू मात्र म्हातारीच्या अंगाला अंग घासत तिथंच राहतं. संपलं. पोरं टाळ्या वाजवून निघून गेली. भांडणं लावून गेलं ते मोठ्या माणसांत.

एरवी महिन्याला दोन अभिप्राय पडायचे. या कार्टूनला तीन दिवसांत पानं भरली. एका मेंढपाळानं लिहिलं होतं, "संपूर्ण चित्रपटात एकाही माणसाने एकदाही मेंढ्या मोजलेल्या नाहीत. असा कळप टिकत नसतो." एका निवृत्त मुख्याध्यापकांनी पर्वतांचा रंग निळा दाखवल्याबद्दल निषेध नोंदवला होता. बहुधा कुणा एका पोरानं लिहिलं होतं, "लोकरवाल्यांनी त्याला छान वाढवलं. त्याला कुणी नेऊ नये. पण धारेवरची त्याची आई फार थोडा वेळ दाखवली. अजून जरा दाखवायची होती." झूराकाननं ते वाचून "लोकरवाल्या म्हणे!" असं हसून पान उलटलं होतं.

आणि उलटलेल्या पानावर तो अभिप्राय होता. सही नसलेला, अक्षर तिरकं.

"वासराला त्याच्या कळपात परत पाठवलंच पाहिजे. मेंढीच्या मायेनं त्याचं नुकसान होत आहे. मेंढीनं मेंढीसारखं राहावं. मेंढीनं हट्ट सोडावा, उशीर होण्याआधी. — एक प्रेक्षक."

झूराकाननं तो दोनदा वाचला. मग बॅटरी लावून तिसऱ्यांदा वाचला, भर दुपारी.

कारण घरात बेगायिम होती.

बेगायिम नऊ वर्षांची. झूराकानच्या मुलाची, तिलेकची, ती पहिली मुलगी; आणि पहिलं मूल आजी-आजोबांचं, ही रीत. बेगायिम चाळीस दिवसांची झाली तेव्हा तिलेक आणि त्याची बायको नूरझात यांनी तिला झूराकानच्या नवऱ्याच्या मांडीवर ठेवलं आणि मोकळ्या हातांनी राजधानीला, बिश्केकला गेले. कुणी हिसकावलं नाही, कुणी मागितलं नाही, आणि कुणी रडलं नाही. निदान कुणी बघत असताना तरी नाही. बेगायिम झूराकानला 'आपा' म्हणजे आई म्हणायची, तिलेकला 'दादा' आणि नूरझातला 'वहिनी'. खरं काय ते सगळ्यांना ठाऊक होतं, बेगायिमलाही. पण ठाऊक असणं वेगळं आणि बोलून दाखवणं वेगळं. चार वर्षांपूर्वी म्हातारा गेला. त्यानंतर घरात झूराकान, बेगायिम आणि एक अतिशय उद्धट कोंबडा, एवढेच उरले.

आणि या सुट्टीत नूरझात आली होती. एकटी. तिलेकला मिनीबसच्या फेऱ्या होत्या म्हणे, आणि धाकट्या मुलाला त्यानं स्वतःजवळ ठेवून घेतलं होतं म्हणे. झूराकानला 'म्हणे' हा प्रकारच आवडत नसे. त्यात नूरझातनं बेगायिमला एक कोट आणला, तोही दोन मापं मोठा.

"वाढत्या अंगाचा घेतलाय, आपा," नूरझात म्हणाली.

वाढत्या अंगाचा! पण अंग वाढणार कुठे, इथे की बिश्केकमध्ये? वर बोलता बोलता तिनं घराजवळच्या नव्या शाळेचा विषय काढला. शाळेत म्हणे पोहायचा तलाव आहे. कोश-बुलाकमध्ये नदी होती, वर्षातले नऊ महिने हाडं गोठवणारी, आणि तिच्यात कुणी पोहत नसे, पण होती ना?

झूराकाननं तर सोमवारी त्या दोघींना स्वतः कार्टूनला नेऊन चौथ्या रांगेत बसवलं होतं. म्हणजे त्या दारातून दिसतील. बाकीच्या हॉलला त्या दिवशी बॅटरीचा उजेड फारसा मिळालाच नाही. खेळ संपल्यावर ती टरफलं शोधायला आत गेली, तेवढी पाच मिनिटं टेबल मोकळं होतं. आणि त्याच सोमवारच्या तारखेत हा अभिप्राय!

तपास सुरू झाला. तिनं तो मजकूर तिकिटाच्या पाठीमागे उतरवून घरी नेला आणि त्याच संध्याकाळी नूरझातसमोर कागद-पेन ठेवलं.

"पोरी, तुझ्या आईची कणकेची बूरसोकं तळायची पद्धत लिहून दे जरा."

नूरझात चमकली. "माझ्या आईची? आपा, गेल्या नूरूझला तुम्हीच म्हणालात, तिची बूरसोकं गाडीच्या टायरला लावता येतील."

"म्हणूनच. कुठे चुकते ते बघायचंय."

नूरझातनं लिहून दिलं. अक्षर सरळ होतं. पण झूराकान एवढ्यानं फसणारी नव्हती. टेबलावर बसून सरळ लिहिणारी बाई उभ्यानं, घाईघाईत, मनात पाप ठेवून तिरकं लिहू शकते.

मग तिनं बेगायिमला बाजूला घेतलं. "काय गं, वहिनी तुला काही म्हणाली का? कुठे जाण्याबद्दल वगैरे?"

"म्हणाली ना."

झूराकाननं तिचा दंड धरला. "काय म्हणाली?"

"बाहेर जाताना टोपी घाल."

"आणि त्या सिनेमाबद्दल? वासरानं कुठे राहायला हवं होतं, असं तिला वाटतं?"

बेगायिमनं विचार केला. "ते नाही म्हणाली. पण आपा, गवत दोन्हीकडे होतं की! एवढं काय त्यात?"

त्या उत्तरानं झूराकानला बरं वाटायला हवं होतं. उलट 'दोन्हीकडे' हा शब्द तिच्या दातात अडकलेल्या मांसाच्या धाग्यासारखा टोचत राहिला.

आणि मग मंगळवारी, जेवण रांधताना, नूरझातनं चुलीवरचं झाकण उचललं आणि सहज म्हणाली, "आपा, लोकरवालीचं मांस शिजत आलंय. मीठ तुम्ही बघता का?"

झूराकान मिठाचं भांडं हातात धरून तशीच उभी राहिली.

तिच्या नवऱ्याचं नाव होतं कोयचुमान. नावातच मेंढ्या आणि मेंढपाळ. आणि सून सासऱ्याचं नाव घेत नाही. नावच काय, नावात दडलेला शब्दसुद्धा घेत नाही. लग्नाच्या दिवसापासून नूरझातच्या तोंडी मेंढी नव्हती. होती ती लोकरवाली. पहिल्या वर्षी म्हातारा मुद्दाम विचारायचा, "सूनबाई, अंगणात काय ओरडतंय गं?" आणि नूरझात लाजेनं लाल होऊन म्हणायची, "तेच, ज्याचे आपण मोजे विणतो ते." म्हातारा खोकला येईपर्यंत हसायचा. तो जाऊन चार वर्षं झाली, ऐकणारं कुणी उरलं नाही, तरी ही पोर स्वयंपाकघरात, पातेल्यासमोरसुद्धा, तो शब्द उच्चारत नव्हती. ती सरकारी वहीत तो चार-चारदा लिहील?

"काय झालं, आपा?"

"काही नाही. मीठ बरोबर आहे."

"तुम्ही चाखलंच नाहीत अजून."

"वासावरून कळतं मला."

त्या रात्री झूराकानला छान झोप लागली. फक्त बुधवारी सकाळी उठल्याबरोबर नवा संशय अंगणात उभा होता: ती नाही, तर मग कोण?

तो दुपारच्या खेळाला स्वतःच्या पायांनी चालत आला. ओस्मोनकुल, गुरांचा डॉक्टर. खेळ सुटल्यावर झूराकान नेहमीसारखी आत गेली, पण आज पडद्याआडून वळली. डॉक्टर वहीवर वाकून तिरकं तिरकं लिहीत होता.

"वर हात, डॉक्टर!"

डॉक्टरच्या हातून पेन सुटलं आणि सुतळीला लोंबकळू लागलं. "एजे!" थोरल्या बहिणीसारखं तो तिला एजे म्हणायचा. "घाबरवता काय असं?"

"माझ्या घरच्या भानगडीत तुला काय पडलंय रे? कुणी सांगितलं तुला लिहायला? बिश्केकहून निरोप आला?"

"कसली भानगड? कुठलं बिश्केक? मी वासराबद्दल लिहितोय!"

"कुठल्या वासराबद्दल?"

"त्या!" डॉक्टरनं पडद्याकडे बोट केलं. "एजे, याक उंचावरचं जनावर. खालच्या कुरणात ठेवलं तर उन्हानं धापा टाकून मरतं. शिवाय मेंढ्यांचे जंत! कुणी एक शब्द काढत नाही जंतांबद्दल. तिसऱ्यांदा बघतोय मी, दर वेळी वाटतं आता तरी कुणी औषध पाजेल."

"मग सही का केली नाहीस?"

डॉक्टरनं इकडेतिकडे बघितलं. "सोमवारी या वेळी मी वरच्या वस्तीवर लसी टोचत होतो ना. म्हणजे, रजिस्टरमध्ये."

झूराकान टेबलाला धरून हसली. एकतीस वर्षांत ती त्या दारात इतकं कधी हसली नव्हती, आणि डॉक्टर जाईपर्यंत तिला थांबता आलं नाही. जंत! तीन दिवस ती जंतांवर जळत होती.

हसू ओसरल्यावर तिनं पान मागे उलटलं, आणि तिथं दोन ओळी तिची वाट बघत होत्या. सरळ अक्षर. बूरसोकच्या कागदावर होतं तेच.

"लोकरवाल्यांनी त्याला छान वाढवलं. त्याला कुणी नेऊ नये. पण धारेवरची त्याची आई फार थोडा वेळ दाखवली. अजून जरा दाखवायची होती."

चोराच्या पाळतीवर बसावं आणि चोर आपल्याच चपला दारात नीट जुळवून ठेवून गेलेला दिसावा, तसं झूराकानला झालं. नऊ वर्षांत नूरझात आली की झूराकाननं त्या दोघींना क्षणभर एकटं सोडलं नव्हतं. चहा घेऊन जा, काटक्या आण, दूध ऊतू जातंय बघ. वेणी घालायचं काम तर तिनं कधी दुसऱ्याच्या हाती दिलंच नव्हतं. सुनेनं कधी काही मागितलं नव्हतं. कोट मोठा होता कारण तिला माप माहीत नव्हतं. माप कळण्याएवढा वेळ तिला मिळालाच कधी?

ती घरी गेली तेव्हा नूरझात पिशवी भरत होती. गुरुवारी सकाळची गाडी होती.

"सिनेमा रविवारपर्यंत आहे," झूराकान म्हणाली.

"बघितला ना आपा, सोमवारी."

"एकदा. डॉक्टरनं तीनदा बघितला. त्याला काही उद्योग नाही असं वाटतं का तुला?"

नूरझातनं पिशवी बाजूला सारली. संशय आता या घरात दोघींना पुरेसा होता. "आपा, माझं काही चुकलं का?"

"चुकलं. कोटाचं माप. उद्या बाजारातल्या शिंप्याकडून मापात बसवून आणा, दोघी जाऊन." झूराकाननं फळीवरचा कंगवा काढून तिच्यापुढे धरला. "आणि हिची वेणी घाल. माझा हात दुखतोय."

"आपा," बेगायिम म्हणाली, "आत्ता त्याच हातानं तू कोंबड्याला लाकूड फेकून मारलंस."

"म्हणूनच दुखतोय. आता काय डॉक्टरचा दाखला आणू?"

आणि ती बाहेर पडली. दार ओढून घेतलं. कोपऱ्यापर्यंत गेली, आणि स्वभावाला औषध नसल्यामुळे परत आली आणि खिडकीतून डोकावली. बेगायिम उकिडवी बसून तलावात पाणी किती खोल असतं ते विचारत होती. नूरझात कंगवा फिरवत होती. केसांत एकही गुंता नव्हता, सकाळी झूराकाननंच काढला होता. तरी ती वरपासून खालपर्यंत, पुन्हा वरपासून खालपर्यंत, अशी हळूहळू विंचरत होती, की एका वेणीला अख्खी दुपार लागावी. झूराकानच्या तोंडावर "दूध ऊतू जातंय बघ" आलं होतं. तिनं ते गिळलं. दूध नव्हतंच चुलीवर.

संध्याकाळच्या खेळाआधी तिनं वही उघडली आणि तिसरा रकाना भरायला घेतला. डॉक्टरच्या अभिप्रायासमोर लिहिलं, "जंतांबाबत म्हाताऱ्या मेंढीस कळविले आहे." मग पान मागे उलटून त्या दोन ओळींसमोर पेन टेकवलं. "नोंद घेतली" असं लिहायला ती निघाली होती, पण हात थांबला, आणि मग तिनं गोल अक्षरात लिहिलं:

"योग्य तक्रार. मुक्काम रविवारपर्यंत वाढविला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीबाबत घरी बोलावे."

शाई वाळेपर्यंत फुंकर घातली. आणि आत जाताना एकतीस वर्षांत पहिल्यांदाच तिनं वही मिटली नाही, त्याच पानावर उघडी ठेवली. पेनची गाठ मात्र तेवढी ओढून बघितली.