चिमणीतला शेजार

गावात किस्सा ऐकायला पारावर जाऊन बसावं लागतं. भंडाऱ्याच्या आमच्या नव्या टॉवरमध्ये किस्से घरबसल्या साठतात, बाल्कनीतल्या पाण्यासारखे. बिल्डरने उतारच उलटा दिलाय ना! बायको गेल्यावर मी अड्याळ सोडलं आणि पुण्याच्या मुलाने इथे घेतलेल्या सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये आलो. घरात ऐकायला कुणी नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

*

मुलाने पुण्यातूनच डबल डोअर फ्रिज बुक केला. किचनमधली फ्रिजची जागा निघाली अरुंद! तेव्हापासून तो हॉलमध्ये सोफ्यासमोर उभा आहे.

व्हिडिओ कॉलवर मुलाने विचारलं, "बाबा, मागे काय उभं आहे?"

"पाहुना हाये. बसा म्हटलं त बसत नाही!"

मुलगा पोट धरून हसला, मग त्याची मीटिंग सुरू झाली. दुपारभर घरात आवाज असतो तो त्या फ्रिजचाच.

*

माझ्या बरोब्बर खाली, सहाव्यावर, करडी गावच्या शेवंताबाई. त्याही एकट्या, मुलगा नागपूरला. बिल्डरने पाइपचा गॅस कबूल करून शेवटी इंडक्शनची शेगडी बसवली. बाईंनी गावाहून आणलेले सगळे गंज जर्मनचे, म्हणजे ॲल्युमिनियमची पातेली. भात ठेवला, वाट पाहिली, पाणी गारच! इंडक्शनवर ॲल्युमिनियम तापत नाही ना!

खाली येऊन त्यांनी वॉचमनला विचारलं, "काहून रे, बिल्डरनं मले चुलीचा फोटू देल्ला का?"

*

आमची दारं आपोआप लागतात. गावाकडे दिवसा दार लागलेलं दिसलं की घरी कुणी नाही असं समजून लोक परत जातात. म्हणून शेवंताबाईंनी दारात तांदळाचं पोतं अडकवून ठेवलं. सेक्रेटरी धावत आला.

"काकू, असं उघडं ठेवलं तर चोर येईल!"

"येऊ दे ना बाप्पा! कोनी त येईल!"

सगळी लॉबी हसली. मला हसू आलं नाही.

*

खाली बाकांवर बायका एकीकडे, पुरुष एकीकडे. विधवा बाई आणि विधुर म्हातारा गप्पा मारत बसले तर बिल्डिंगभर बोभाटा! त्यामुळे आमचं बोलणं 'बरं हाये ना?' एवढंच.

पण बिल्डरने खर्च वाचवायला वरपासून खालपर्यंत सगळ्या किचनच्या चिमण्या एकाच पाइपात सोडल्यात. खालच्या फोडणीने वर मी शिंकतो. एकदा स्वयंपाक करताना मी स्वतःशीच पुटपुटलो, "मीठ कुठी ठेवलं बाप्पा?"

चिमणीतून उत्तर आलं, "चहापत्तीच्या मांगं पाहा!"

मी उडालोच! आणि मीठ तिथेच होतं.

मग रोज संध्याकाळचं ठरून गेलं. मी चिमणीखाली उभा राहून विचारायचो, "आज काय केलं?" खालून शेवंताबाईंचा आवाज यायचा, "लाखोळीची डाळ. तुमी?" दिवसभरात तेवढंच काय ते बोलणं. त्यासाठी मी भूक नसली तरी भाजी टाकायचो.

अशात शेवंताबाईंचे गुडघे गेले आणि मुलगा त्यांना नागपूरला घेऊन गेला. नंबर मागायचं धाडस मला झालं नव्हतं. सहाव्याला कुलूप लागलं. त्याच आठवड्यात वासाच्या तक्रारी मिटवायला सोसायटीने चिमणीत झडपा बसवायला माणूस पाठवला. झडप बसली की वासही बंद, आवाजही.

"मले नको," मी म्हटलं.

"काका, खालचा फ्लॅट त बंद हाये."

"असू दे."

"कमाल हाये! आठव्यावरच्या ताईबी नको म्हनतात. तुमाले लोकाईचा वास आवडते का?" तो हसत निघून गेला.

त्या संध्याकाळी मी खिचडी टाकली. खाली कुणी नाही हे माहीत असूनही तोंडातून गेलंच, "आज काय केलं?"

मी शेगडी बारीक केली. मग वरून, आठव्यावरून, एका बाईचा आवाज आला, कधीच न ऐकलेला.

"पिठलं केलं, काका. काकू कधी येतीन हो वापस?"